दादाची बोटं आणि ट्रकचा कॉम्प्युटर

थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर सगळा उन्हाळा तो घरात बसून होता. पाय सावरला, जीभ सावरली. उजव्या हाताचं मात्र काही खरं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा. येईल तो पाहुणा एक नवं तेल सुचवून, चहा पिऊन जायचा. शेवटी वहिनीच मला म्हणाली, ह्यांना गॅरेजवर घेऊन जा, नुसते भिंतीकडं बघत बसतात, मला बघवत नाही.

चाकण-तळेगाव रस्त्यावरचं आमचं गॅरेज दादानंच उभं केलेलं. मी तिथं त्याच्या हाताखाली शिकलो. आता तो पुन्हा काम करू शकतो की नाही, एवढंच त्या दिवशी बघायचं होतं. तसं कुणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

काम मी मुद्दाम सोपं निवडलं. आमच्या एका जुन्या ट्रकवाल्यानं बॅटरीची वायर न सोडता चासीला वेल्डिंग करून घेतलं होतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर जाळून घेतला होता. असल्या शहाण्यांमुळेच आमची चूल पेटते म्हणा. ती वहीएवढी पेटी भोसरीहून दुरुस्त होऊन आली होती, ती परत इंजिनाला बसवायची.

दादानं सुरुवात झकास केली. किल्ली काढून घेतली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि काही न करता थोडा वेळ थांबला. आत उरलेला करंट जाऊ द्यायचा असतो. मग अंगातली वीज उतरावी म्हणून चासीच्या उघड्या लोखंडाला हात लावला. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरनं घासली, पेटीच्या पिना टॉर्चच्या उजेडात निरखल्या. बोल्ट डाव्या हातानं आवळले, उजव्याचा नुसता आधार. काही म्हणजे काही विसरला नाही. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला.

मग राहिला कनेक्टर. सगळ्या वायरींचा तो एक जाड जुडगा सरळ आत दाबायचा आणि वरची खिट्टी ओढून लॉक करायचा. तिरका गेला तर आतली पिन वाकते आणि पेटी परत भोसरीला. या गाडीत जागा अशी अडचणीची की डोळ्यांना काही दिसत नाही, आत उजवाच हात जातो आणि बसलं की बोटांनाच कळतं.

दादानं हात घातला, दाबलं, बाहेर काढला. पुन्हा घातला. माझ्या हातातला चहा निवत होता आणि मनातल्या मनात मीच जोर लावत होतो. तिसऱ्यांदा त्यानं दाबलंच नाही. हात आत तसाच ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू बसव. बसलं का न्हाई ते मला कळंना."

मी म्हणालो, अरे सवय मोडलीय, आणखी एकदा बघ. पिन वाकंल, एवढंच बोलून तो बाजूला झाला.

मी हात घातला. लॉक बसलं, माझ्या बोटाला लगेच कळलं. इतकी साधी गोष्ट होती ती. दादा माझ्या तोंडाकडं बघत होता.

शेवटी बॅटरीची वायर जोडली. किल्ली फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागला, सेल्फ मारल्याबरोबर ट्रक सुरू झाला आणि दिवा विझला. ट्रकवाला खूश होऊन सवयीनं दादाकडंच वळला. म्हणाला, तुमच्या हाताला गुण हाय, राव.

दादा कधीचा फडक्याला हात पुसत होता.

"माझा न्हाई," तो म्हणाला. "आता ह्याचा हात."

हे त्याच्या तोंडून एकदा तरी ऐकावं म्हणून मी इतकी वर्षं झटलो होतो. ऐकलं तेव्हा वाटलं, त्याच्यावर हे म्हणायची वेळ कधीच आली नसती तर फार बरं झालं असतं.