दोन वाजता थांबणारी मशीन

सुभाष भोईरांनी बत्तीस वर्षांत शेठच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. नवघरच्या त्या कारखान्यात स्टीलचे डबे बनतात आणि भोईर तिथले मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय, तर सकाळी कुलूप उघडण्यापासून कामगारांची भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं. जुने शेठ गेले, मुलगा मितेश आला, भोईरांची खुर्ची जिथल्या तिथे राहिली.

एक दिवस मितेशने छापील फॉर्म हातात ठेवला. ‘कंपनी कोणासाठी चालते? क्रम लावा.’ भोईरांना हसू आलं. यात विचारायचं काय? त्यांनी झटक्यात नंबर टाकले. मालक एक, गिऱ्हाईक दोन, कामगार तीन, शेजारी चार.

पुढच्याच आठवड्यात डब्यांची मोठी ऑर्डर आली. मितेश म्हणाला, "काका, कल से दुपारी पण प्रेस चालू ठेवा."

भोईर चपापले. समोरची इमारत नवी होती तेव्हा पत्रा ठोकणाऱ्या या प्रेस मशीनच्या दणक्यांनी लोक तक्रारीला निघाले होते. भोईरांनीच मजल्यामजल्यावर जाऊन शब्द दिला होता, दुपारी दोन ते चार प्रेस बंद. बारा वर्षं त्यात खंड पडला नव्हता.

"शेजाऱ्यांना शब्द दिलेला हाय, मितेशभाई."

"पण शेजारी चौथे, हे तुम्हीच लिहिलंय ना?" मितेशने फॉर्म पुढे केला.

अक्षर भोईरांचंच होतं. ते खाली आले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, उगाच वाकड्यात कशाला शिरा?

दुसऱ्या दिवशी दोन वाजले आणि प्रेस धडधडतच राहिली. कोणीतरी येऊन भांडावं असंच भोईरांना वाटत होतं. भांडणाला निदान उत्तर देता येतं.

तीनच्या सुमाराला समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या उर्मिलाबाई गेटवर आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपण होतं.

"सुभाषभाऊ, जरा वर येता? सासूबाई दोनची गोळी घेत नाहीयेत. म्हणतात, मशीन थांबली नाही म्हणजे दोन वाजलेच नाहीत, आपलं घड्याळ बिघडलंय. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

भोईरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर जाऊन काय सांगणार होते ते? ते तसेच मागे फिरले आणि त्यांनी प्रेसचा खटका खाली ओढला. थोड्या वेळाने उर्मिलाबाईंनी खिडकीतून हात हलवला. सासूबाईंनी गोळी घेतली होती.

मग भोईर मितेशच्या केबिनमध्ये गेले. बसले नाहीत.

"प्रेस मी बंद केली. उद्या पण दोनला बंद होईल. कामगार सकाळी लवकर यायला तयार हायेत, मी विचारलं."

मितेशने तोच फॉर्म पुढे ओढला. "मग फॉर्मवरचे नंबर बदलायचे का, काका?"

"नंबरांतलं मला कळत न्हाय," भोईर म्हणाले. "पण दोनला मशीन थांबली न्हाय म्हणून समोरच्या म्हातारीने घरचं घड्याळ खोटं ठरवलं, मितेशभाई. मला न्हाय ठरवलं."