जीपचा भोंगा आणि नाल्यापल्याडची आई

माझा आवाज माझ्याच माहेरच्या नाल्यापाशी येऊन मरायचा. बाकी गावांत चालायचा, नेमका तिथंच मरायचा. मला याचा इतका संताप यायचा की विचारू नका.

त्या मोठ्या दुष्काळात मी आमच्या सहकारी दूध संस्थेच्या जीपमधून गावोगाव पुकारत फिरायचे. टपावर भोंगा, मागच्या सीटवर ॲम्प्लिफायर, हातात माईक. टँकर कधी येणार, खडी फोडायचं काम कुठं निघालं, चारा कुठं मिळणार, हे सांगायचं. मी मॅट्रिक झालेली, आवाज खणखणीत, म्हणून संस्थेनं मला घेतलं होतं. आमचे हे नळदुर्गला हायवेच्या कडेला ट्रकांच्या वायरिंगचं आणि डायनामोचं काम करायचे. जीपचे ड्रायव्हर वयानं मोठे होते, त्यांना आम्ही दोघंही मामा म्हणायचो.

माझं माहेर तामलवाडीच्या बाजूचं एक लहान गाव. एका अंगाला चावडी, मधी कोरडा नाला, आणि नाल्याच्या पल्याड आमची बौद्धांची वस्ती. बाकी गावांत जीप फिरवत पुकारायचे, पण इथं जीप नाल्यात घातली की वाळूत रुतायची, म्हणून चावडीसमोर उभं राहूनच पुकारायला लागायचं. सुरुवातीची एक-दोन वाक्यं झकास जायची. मग आवाज बसायचा, घोगरा व्हायचा, आणि शेवटी भोंग्यातून नुसती खरखर. मामा पाय दाबून इंजिन रेस करायचे, तर त्या इंजिनच्याच आवाजात माझं बोलणं बुडून जायचं.

वस्तीत आईचं एकटीचं घर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक तांबडी गाय होती, तीच तिची सोबत आणि तेच तिचं पोट. एकदा संस्थेचा चाऱ्याचा ट्रक गावात येऊन रिकामा झाला तरी वस्तीला पत्ता नाही. पुढच्या खेपेला मी गेले तर आई घराच्या छपराचं पाचट उपसून गाईपुढं टाकत होती. डोक्यावरचं छप्पर गाय खात होती हो! मला बघवेना.

"आये, मी पुकारलं होतं की गं!"

"इथं काय बी आलं न्हाय," आई म्हणाली. "आन् तुझं ते पुकारणं मला सांगू नगं. तुझ्या आज्यानं हलगी वाजवून जन्मभर ह्या गावाची दवंडी दिली. छप्पनला दीक्षा घेतली तवा ती हलगी टाकली. आता त्याचीच नात भोंगा घेऊन फिरती."

"ही पगाराची नोकरी हाय, आये."

"असंल. पर दवंडी ऐकून चावडीवर जायाचं म्या सोडलंय. कुणी आपल्याला बोलावलं तर जायाचं."

आईपुढं बोलून काही उपयोग नसायचा. माझा तापट स्वभाव कुठून आला हे सांगायला नको.

त्यानंतर संस्थेनं जनावरांची छावणी काढायचं ठरवलं. पाऊस पडेपर्यंत चारा-पाणी तिथंच. पण जागा थोडी, आणि माहेरच्या गावाची नोंद एकाच सकाळी चावडीवर होणार होती. जो जनावर घेऊन येईल त्याचं घेणार, जागा भरली की बंद. छपराचं पाचट संपत आलं होतं. गाय छावणीत गेली नाही तर जगणार नव्हती, आणि गाईवाचून आई त्या घरात काय करणार, हा विचारसुद्धा नको वाटायचा.

घरी येऊन मी सगळा राग ह्यांच्यावर काढला. "तुमच्या हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न पार किल्ल्यापर्यंत ऐकू येतात, आणि माझा आवाज एक नाला ओलांडत नाही!"

हे हसले. "ट्रकचा हॉर्न एकदाच वरडतो. तू थांबतीस कुठं?"

"थट्टा सुचतीय तुम्हाला! तिकडं गाय मरायला टेकलीय."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना जीप घेऊन बोलावलं. मला माईकवर बोलत राहायला सांगितलं आणि स्वतः समोरच्या चार्जिंगच्या काट्याकडं बघत बसले. मी तोंड उघडलं की काटा मायनसकडं कलायचा आणि तिथंच पडून राहायचा.

"हे बघ," हे म्हणाले, "तुझं हे ॲम्प्लिफायरचं मशीन जेवढं खातंय तेवढं डायनामो देत न्हाय. गाडी उभी असली की तर काहीच देत न्हाय. तू बॅटरीतलं खाऊन बोलतीस." मग त्यांनी माझा हात मशीनच्या वायरीवर ठेवला. बारीकशी वायर, हेडलाइटच्या वायरीला पीळ मारून जोडलेली. चांगली कढत लागली. "आन् जे जातंय त्यातलं निम्मं इथंच गरम होऊन जातंय."

त्यांनी ट्रकचा मोठा डायनामो बसवला. इंजिन सावकाश चाललं तरी तो जोरात फिरावा म्हणून त्याला लहान पुली घातली. डायनामोपासून बॅटरीपर्यंतची जुनी वायर एवढा करंट सोसणार नव्हती, म्हणून तिथं बोटाएवढी जाड केबल ओढली. बॅटरीपासून मशीनला निराळी जाड वायर दिली, मधी फ्यूज टाकला. मी हरखून माईक हातात घेतला, आणि चार शब्दांत आवाज पुन्हा बसला.

मला रडूच आलं. हे जीपच्या खाली शिरले. बऱ्याच वेळानं खालूनच विचारलं, "मामा, बॅटरीच्या अर्थिंगच्या बोल्टाला हे काय लावलंय?"

"शेंदूर," मामा अभिमानानं म्हणाले. "खंडेनवमीला लोक नुसता हार घालतेत स्टेअरिंगला. गाडीचा जीव बॅटरीत असतोय. म्या दरसाल बोल्ट खोलून आतपस्तोर तेलात कालवलेला शेंदूर लावतो, मग आवळतो."

दरसालचे थर होते ते! बॅटरीचा करंट चासीवरून परत यायची वाट मामांनी भक्तिभावानं लिंपून टाकली होती. सकाळी जीपला धक्का का मारावा लागायचा तेही तेव्हाच कळलं.

"मामा, घासायला लागतंय."

"दादा, शेंदूर घासतोस? गाडी उलटली म्हंजे?"

मी पदर खोचूनच उभी होते. तुमच्या शेंदरानं माझ्या आईची गाय मरायला लागलीय, असं तोंडावर आलं होतं. पण मामांचा चेहरा खरोखर भ्यालेला होता. हे देवाधर्माचं काही मानत नव्हते, तरी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्यांनी आणखी जाड वायर आणली. एक इंजिनपासून आणि एक मशीनपासून, दोन्ही सरळ बॅटरीच्या मायनसला नेऊन आवळल्या. बोल्टाला हात लावला नाही.

"देव तिथंच ऱ्हातोय मामा, करंट दुसऱ्या वाटंनं जातोय."

मामा इतके खूश झाले की आम्हाला धाब्यावर नेऊन चहा पाजला.

नोंदीच्या सकाळी हेसुद्धा जीपमध्ये बसून आले. चावडीसमोर गाडी उभी केली, इंजिन सावकाश चालू ठेवलं. मी कागद धरला. "समस्त गावकरी मंडळींना कळवण्यात येते की..." आवाज असा निघाला की मीच दचकले. काटा मधोमध उभा होता. पिंपळावरचे कावळे उडाले. गल्लीगल्लीतून लोक जनावरं घेऊन यायला लागले.

नाल्याच्या पल्याड आमची सगळी वस्ती बाहेर आली. आई पुढंच होती, गाईचं दावं हातात. मला बरं वाटलं. पण ती काठावर येऊन थांबली. तिच्या मागं सगळे थांबले. वाळूत कुणी पाय घालेना.

मी पुन्हा सगळं वाचलं. हे नाल्यापर्यंत जाऊन परत आले. "शब्द न् शब्द ऐकू येतोय."

"मग येईनात का?"

चावडीपुढची रांग वाढत होती. नोंद घेणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी सांगितलं, "ताई, थोडीच जागा राहिली आता." मी पुन्हा तोच कागद वाचायला लागले आणि मधेच थांबले. आज्याची दवंडी अशीच असायची. ती ह्या काठाला गावासाठी व्हायची, वस्तीला कधी कुणी पुकारून बोलावलं नव्हतं. मीसुद्धा तेच करत होते. आवाज आता पल्याड पोचत होता, पण त्यात त्यांना बोलावणं नव्हतं. आईनं मला हे आधीच सांगितलं होतं, आणि मी नुसत्या वायरीच्या मागं लागले होते.

मी कागद खाली ठेवला.

"नाल्यापल्याडच्या सगळ्या मंडळींना संस्थेचं बोलावणं आहे. छावणीत तुमच्या जनावरांना अजून जागा आहे. आपण सगळ्यांनी यावं." एवढं बोलले. मग संस्थेची भाषा सुटलीच. "आये, ही दवंडी न्हाय. मी तुला बोलावतेय. गाय घेऊन ये."

आई नाल्यात उतरली. वाळूतून गाईला ओढत, सावकाश आली. चावडीच्या कडेला उभी राहिली नाही, सरळ रांगेत घुसली. गाईची नोंद झाली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मग ती जीपपाशी आली आणि ह्यांना म्हणाली, "जावईबापू, केवढ्या मोठ्यानं केलंत ते! म्या काय बहिरी हाय व्हय?"

पल्याड बाकीचे अजून काठावरच होते. आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या माईककडं.

"हे चालू हाय का अजून?"

"हाय की."

"आण इकडं."

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला, पार ओठाला लावला.

"या गं बायांनो, या रं सगळे," आई म्हणाली, "आपल्याला बोलावलंय."

सगळी वस्ती शेरडं, गाई, म्हशी घेऊन नाल्यात उतरली. हे माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "काटा बघ, जरासुद्धा हलत न्हाय." मी काट्याकडं बघितलं, पण डोळे इतके भरले होते की मला तो दिसतच नव्हता.