टाका नसलेलं ठिगळ

पेल स्प्रिंग गावात ओर्फा टिल्डनला कोणी काही सांगायची गरज नसे. नवरा घोड्यावरून पडून गेला त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून ती खाणीतल्या माणसांचे कपडे धूत होती, आणि कपड्यांच्या पोटात काही राहत नाही. कोणाच्या बाहीवर व्हिस्की सांडली, कोणाच्या कॉलरला कोणाची पावडर लागली, शेरीफ प्रार्थनेला खरंच गुडघे टेकतो की नुसता डोळे मिटतो, सगळं तिला बादलीपाशी बसून कळायचं. ती चहाडी मात्र करत नसे. शर्ट परत देताना घडीवर दोनदा थोपटायची आणि माणसाकडे बघायची, बास. एवढ्यानं निम्मं गाव सुधारलं, असं पाद्री म्हणायचा. स्वतःची कॉलर तो घरीच धुवायचा, ही गोष्ट वेगळी.

आमच्याकडे डोंगराबद्दल फार बोलत नाहीत. चांदी देतो, तेवढं पुरे. विहिरीत हाक मारली तर कधी कधी प्रतिध्वनी हाकेच्या आधी येतो. जुन्या बोगद्यात एकदा दगडाची शेगडी सापडली होती, दुकानातल्या शेगडीसारखी हुबेहूब, फक्त तिचं दार उघडत नव्हतं. डोंगराला नक्कल करायची खोड आहे, असं म्हणायचं आणि विषय बदलायचा.

त्या उन्हाळ्यात एका सोमवारी खाणीतली तिसरी गल्ली कोसळली. आत सहाजण होते. त्यातला एक एनक व्हर्न, ओर्फाच्या लेकीचा, लव्हिनाचा ठरलेला नवरा. चार दिवस गावानं फावडी मारली. शुक्रवारी सकाळी सहाही जण डोंगराच्या मागच्या जुन्या बोगद्यातून डोक्यावर टोप्या घालून चालत बाहेर आले. चर्चची घंटा वाजली, व्हिस्कीची पिंपं फुटली, मुकादम हॅस्केटनं खणणं थांबवलं. लव्हिनानं लग्न लगेच करायचं ठरवलं. नऊ दिवसांनी, रविवारी.

सोमवार धुण्याचा. सहाजणांपैकी एकाचंही गाठोडं आलं नाही.

"एनक कपडे कुठं टाकतो गं हल्ली?" ओर्फानं विचारलं.

"आई, माणूस मरणाच्या दारातून परत आलाय आणि तुला त्याचे मोजे हवेत."

"मरणाच्या दारात घाम सुटतो म्हणतात. तो कुठं गेला?"

"तू ना, देवदूत आला तरी आधी त्याची कॉलर उलटून बघशील."

"बघेन. पंख असले म्हणून काय झालं, मान असतेच ना?"

दुकानात तर लोकांना आयतंच सापडलं. टिल्डनबाईंना सहा गिऱ्हाइकं गेल्याचं दुःख आहे, साबण पडून राहिलाय, असं चाललं होतं. ओर्फा ऐकून घ्यायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या त्या सहाजणांच्या माना बघायची. आमच्या खाऱ्या मातीत घामाचा पांढरा वेढा पाद्र्यापासून चोरापर्यंत सगळ्यांच्या कॉलरला असतो. या सहांच्या कॉलरला नव्हता.

शनिवारी दुपारी एनक आला. लग्नाच्या आदल्या दिवशी सासूनं जावयाच्या अंगावरच्या शर्टाला शेवटचं बटण लावायचं, आणि तोवर त्यानं दोऱ्याचा तुकडा दातात धरायचा, नाहीतर शिवताना माणसाची अक्कलही शिवली जाते, असा आमच्याकडे रिवाज आहे. पांढराशुभ्र शर्ट इस्त्री होऊन तयार होता.

"तो निळा काढ आधी," ओर्फा म्हणाली.

"राहू द्या, टिल्डनबाई. यावरच चढवतो."

तिनं दोरा त्याच्या दातात दिला आणि धूळ झटकायचं निमित्त करून त्याच्या कोपरावर हात ठेवला. तिथलं तपकिरी ठिगळ तिनंच लावलं होतं, निळा दोरा संपला म्हणून काळ्यानं. आता तिथं दोराच नव्हता. टाका नव्हता, कड नव्हती. निळं संपत होतं तिथं तपकिरी सुरू होत होतं, मांजरीच्या अंगावरच्या पट्ट्यासारखं. मग तिनं मनगट बघितलं. बाही आणि कातडी यांच्यामध्ये सुईसुद्धा गेली नसती.

"फार जवळून बघता," तो दोऱ्याआडून म्हणाला.

"वय झालं."

"लव्हिनाचा माझ्यावर जीव आहे."

"एनकवर आहे," ओर्फा म्हणाली, आणि त्यानं वर चढवलेल्या पांढऱ्या शर्टाला बटण लावून तिनं त्याच्या दातातला दोरा काढून घेतला. दोरा कोरडा ठणठणीत होता.

पांढरा शर्ट उतरवून ठेवून तो गेला. हा एनक नाही, एवढ्यावर तिचा विचार थांबला नाही. हा एनक नसेल तर एनक अजून खालीच आहे. आणि खणणं थांबून आठ दिवस झालेत.

ती तडक हॅस्केटकडे गेली.

"टाके दिसले नाहीत म्हणून सहा माणसांवर पिस्तूल रोखू?" हॅस्केट म्हणाला. "ओर्फाबाई, चष्मा करा."

"पिस्तूल राहू दे. शर्ट काढायला सांग."

हॅस्केट हसला. पण रविवारी तो पिस्तूल घेऊनच चर्चमध्ये आला आणि दाराजवळ बसला.

लव्हिना समोर उभी राहिली. पाद्र्यानं पुस्तक उघडलं आणि ओर्फा पांढरा शर्ट हातावर घेऊन उठली. "सासूनं धुतलेला शर्ट घातल्याशिवाय माझ्या पोरीचा हात मिळणार नाही. एनक, तो निळा काढ."

मागच्या बाकांवर लोक खुदखुदले. लव्हिनाचं तोंड लाल झालं. "काढ ना," ती हळूच म्हणाली, "तिचं एकदाचं समाधान होऊ दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बोटं बटणावर ठेवली. बटण निघेना. लव्हिना वैतागून पुढं झाली, तिनं स्वतः बटण धरलं, ओढलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. ते बटण नव्हतंच. बोगद्यातल्या त्या शेगडीचं दार जसं दार नव्हतं, तसं.

बाकीचे पाचही बाकांवरून उठले. टोप्या त्यांनी काढल्याच नव्हत्या. भर उन्हात ओळीनं ते सहाही डोंगराकडे चालत गेले आणि जुन्या बोगद्यात शिरले. हॅस्केटचा हात पिस्तुलावर होता, तिथंच राहिला.

"बघत काय बसलात?" ओर्फा म्हणाली. "फावडी कुठं ठेवलीत?"

मंगळवारी दुपारी दगडांमधून मुठीएवढं भोक पडलं. आतून आवाज आला, "हॅस्केट, तूच का रे?" आवाज एनकचा.

सगळी फावडी थांबली.

"बुजवा," कोणीतरी म्हणालं. "एकदा फसलो तेवढं बस." दोन बंदुका त्या भोकाकडे वळल्या. लव्हिनाला बायकांनी धरून ठेवलं होतं. हॅस्केट एकदा भोकाकडे बघत होता, एकदा ओर्फाकडे.

ओर्फानं एप्रनच्या खिशातून चिंधी काढली, तिला ओवलेली सुई टोचली, एक बटण गुंडाळलं आणि काठीच्या टोकानं आत सरकवलं. "एनक असशील तर हे शिवून दे."

आतून शिवी आली. मग, "टिल्डनबाई, इथं अंधार आहे हो."

"चाचपडून शिव."

बंदुका भोकावर रोखलेल्याच राहिल्या. आत मध्येच कोणी खोकलं, मध्येच पुन्हा शिवी. शेवटी चिंधी परत आली. बटण एका बाजूला लोंबत होतं, पाच टाके पाच दिशांना, चिंधीची घडी घडीलाच शिवलेली, आणि मधोमध रक्ताचा डाग. ओर्फानं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग चिंधीचं टोक जिभेला लावलं. खारट होतं.

"खणा," ती म्हणाली. "इतकी वाईट शिलाई डोंगराला जमायची नाही."

संध्याकाळपर्यंत सहाही जण बाहेर आले. आत झिरपणारं पाणी, मेणबत्त्यांची चरबी आणि गाडीचं एक खेचर, यावर ते पंधरा दिवस तगले होते. त्यांच्या शर्टांचा वास चौकापर्यंत येत होता. ओर्फानं ते चार पाण्यांतून काढले आणि पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

लव्हिनाचं लग्न महिन्यानं झालं. तेव्हापासून सोमवारी ओर्फाच्या दारात गाठोड्यांचा ढीग असतो. ज्याचं गाठोडं आलं नाही त्याच्याशी गावात कोणी बोलत नाही, म्हणून लोक धुतलेले कपडेसुद्धा चुरगाळून आणतात. गेल्या आठवड्यात पाद्रीही आला, हातात कॉलर घेऊन. ओर्फानं ती उलटून उजेडात धरली, पांढरा वेढा नीट पाहिला, आणि घडीवर दोनदा थोपटलं.