अंबाबाईशी धरलेला अबोला

देवाशी भांडणारी माणसं पुष्कळ असतात. मी भांडले नाही, मी सरळ अबोला धरला. गेल्या वर्षी न्युरेम्बर्गच्या आमच्या घरात नाश्ता करता करता हे खुर्चीवरून कलले. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, वाचा गेली. पाय चार महिन्यांत काठीवर आला, वाचा काही आली नाही. हो आणि नाही एवढे दोनच शब्द उरले, तेही कधीकधी उलटसुलट. सांगलीहून वन्सं रोज फोनवर सांगायच्या, "वहिनी, अंबाबाईला नवस बोला. साडीचोळी बोला." मी म्हटलं, "वन्सं, तिला दिसत नाही का? मी काही बोलणार नाही." त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि तिला सांगून टाकलं, जोवर हे बोलत नाहीत तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही. त्या दिवसापासून दिवा बंद, आरती बंद. देवीचा टाक तेवढा पुसायची, कारण घरात धूळ मला खपत नाही.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून थेट उत्तरेपर्यंत गाडी चालवत जायचं, हा यांचा जुना बेत होता. निवृत्तीनंतर जाऊ म्हणायचे. गाडी चालवणार अर्थात हेच. मी सांगलीत स्कूटर फिरवलेली बाई, जर्मनीत स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. यांच्या आजारपणात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला मी फ्युररशाइन, म्हणजे इथलं लायसन्स, मिळवलं. आणि विमानाची तिकिटं काढली. मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. वन्सं म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण. बॉनला राहणारी आमची लेक माझ्या मराठीला जर्मनमध्येच उत्तर देते. ती म्हणाली, "आई, दास इस्ट उनफेरआंटवोर्टलिश." म्हणजे बेजबाबदारपणा आहे हा. मी म्हटलं, "असू दे. डॉक्टरांनी परवानगी दिलीय आणि तुझ्या बाबांनी हो म्हटलंय." ती म्हणाली, बाबा कशालाही हो म्हणतात. ते खरं होतं, पण नकाशा पुढे ठेवल्यावर त्यांचा डावा हात त्या किनाऱ्यावरून तीनदा फिरला होता. मला तेवढं पुरेसं होतं.

तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात. डावी बाजू म्हणजे आपलं माहेर, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. ती घमेंड दुसऱ्याच दिवशी उतरली. शिकले होते जर्मन गाडीत, डावीकडे बसून. आता उजवीकडे बसले तर माझ्या डाव्या हाताला किती गाडी उरली आहे याचा अंदाजच येईना. एका दगडी कुंपणाला डावा आरसा घासला आणि त्याची काच खळ्ळकन खाली पडली. हे गालात हसले. मला रागही आला आणि बरंही वाटलं. रस्ता मात्र असा की बघत राहावं. एका बाजूला हिरव्यागार उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, दुसऱ्या बाजूला फेसाळलेला अटलांटिक. जागोजागी थांबून मी यांना खाली उतरवायची, मफलर नीट करायची, थर्मासमधला चहा द्यायची. हॉटेलात कुणी यांना काही विचारलं की उत्तर मी द्यायची. यांना सूप चालेल, यांना खिडकीजवळ बसायला आवडतं, हे थकलेत.

पाचव्या दिवशी डोनेगलमध्ये रस्ता एकाच गाडीपुरता झाला. उजवीकडे डोंगराची कड, डावीकडे वीतभर उंचीचे दगड, आणि त्यांच्यापलीकडे खोल खाली समुद्र. वळण घेतलं तर समोरून मेंढ्यांनी भरलेला ट्रेलर ओढत एक जीप आली. एवढा ट्रेलर घेऊन मागे जाणं जीपवाल्याला शक्य नव्हतं. जायचं होतं ते मला, शे-दीडशे मीटर मागे, रस्ता जरा रुंद होता तिथपर्यंत. मागचा कॅमेरा चिखलाने बरबटलेला, डाव्या आरशाला काच नाही. दरीची कड मला दिसतच नव्हती. सगळ्यांना झुगारून मीच यांना इथे आणलं होतं. काही झालं असतं तर लेकीला काय तोंड दाखवलं असतं? आयुष्यभर अशा वेळी आपोआप तोंडी येणारं नावही मी ओठ घट्ट मिटून आत दाबलं. मरेन पण बोलणार नाही, असंच मनात होतं.

जीपमधून साठीचा एक शेतकरी उतरला. शांतपणे म्हणाला, मी घेऊ का तुमची गाडी मागे? यावर मी काय म्हणावं? मी म्हणाले, "नाही. भाड्याच्या करारात ड्रायव्हर म्हणून फक्त माझं नाव आहे." दरीच्या काठावर बसून करार सांगणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. बावीस वर्षं जर्मनीत काढली की माणूस असा होतो. तो हसला नाही. वाकून त्याने यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग हे सांगतील की तुम्हाला. त्यांच्या बाजूने कड दिसतेय. यू आर ग्रँड." म्हणजे काही काळजी नाही, जमेल तुम्हाला. यांना बोलता येत नाही हो, असं मी सांगणार तोवर तो गाडीच्या मागे गेलाही होता. डिकीवर त्याने हाताने दोनदा धप्प धप्प केलं आणि मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला वळणाकडे चालू लागला.

आपल्याकडे गाडी मागे घेताना कुणीतरी खाली उतरून डिकीवर अशीच थाप मारतं. न्युरेम्बर्गच्या आमच्या गल्लीतही हे पाहुण्यांच्या गाड्यांना अशाच थापा मारायचे आणि जर्मन शेजारी खिडकीतून बघत राहायचे. ती धप्प ऐकली आणि यांनी डाव्या हाताने काच खाली केली, मान बाहेर काढली.

"येऊ दे," हे म्हणाले.

मी ब्रेक सोडला नाही. मला वाटलं, भास झाला.

"येऊ दे, येऊ दे. थांब! तिकडं घे. हां. येऊ दे."

मग मी मागे पाहिलंच नाही. त्यांचा आवाज म्हणेल तसं चाक फिरवत गेले. मला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं, आणि मी त्यांच्यावर सोडून दिलं. शेवटी "बस्स" म्हणाले, तेव्हा गाडी रुंद जागेत उभी होती. जीप शेजारून गेली, शेतकऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि तो गेला. त्याचं नावही मला माहीत नाही.

परतल्यावर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, सवयीचे शब्द मेंदूत दुसरीकडेही जपलेले असतात, असं होतं कधीकधी. असेल. मी वाद घालत नाही. पण ते शब्द अकरा महिने कुठे होते, याचं उत्तर मला त्या काठावरच मिळालं होतं. त्यांना काही विचारायचंच आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं होतं. देवीवर रुसून बसलेली मी त्यांच्या वतीने सगळी उत्तरं देत होते. त्यांना काही येत नाही हे ज्याला ठाऊकच नव्हतं, अशा माणसाने त्यांना काम सांगितलं, आणि त्यांनी ते केलं. त्याला तिथे कुणी पाठवलं, ते मी ठरवत बसत नाही.

आता जेवणाच्या टेबलावर मी प्रश्न विचारते आणि गप्प बसते. कधी शब्द येतो, कधी पाच मिनिटं थांबूनही येत नाही. त्या वेळी थांबणं मला गाडी मागे घेण्याहून जड जातं, पण मी थांबते.

घरी आलो त्या संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावला. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले. म्हटलं, "अकरा महिने लागले तुला? आणि दिलंस तेही निम्मंच. आपलं भांडण मिटलेलं नाही, बाई." मग रडू आलं, आणि हात आपोआप जोडले गेले. भांडण अजूनही रोज होतं, दिवा लावला की. पण अबोला संपला.