मावशीचं बीपी आणि शेठचा फोन

बाळांनो, तुमची मावशी, म्हणजे माझी लेक, व्हिडिओवर तुम्हाला हसरी दिसते, कारण तेव्हा रविवार असतो. एरवी ती पलसाण्याच्या साड्या रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये माल रवाना करायचं टेबल सांभाळते, आणि ते टेबल रोज संध्याकाळी फोनमधून तिच्यासोबत घरी येतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांना तिचा रक्तदाब जास्त आढळला. गोळी द्यायची की नाही ते ठरवायला त्यांनी आठवडाभर घरी मोजून लिहून आणायला सांगितलं. पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं गप्प. नियम म्हटले की मला हुरूप येतो. मी वही आखली आणि संध्याकाळी सातची वेळ ठरवली.

मावशीला गोळीची भीती नव्हती, मिलमध्ये कळण्याची होती. त्या टेबलावर आधी बसणाऱ्या बाईंना बीपी निघालं, तेव्हा शेठनी 'आराम' म्हणून त्यांना जुन्या फायलींपाशी बसवलं होतं.

पहिल्या दिवशी तिच्या मांडीवर फोन सारखा थरथरत होता. एकशे बावन्न. दुसऱ्या दिवशी मी तो स्वयंपाकघरात ठेवला. एकशे अठ्ठावन्न!

"आई, फोन वाजला ना?"

"गप्प बैस. बोललं की वाढतं."

"न बोलताच वाढलंय!"

तिसऱ्या दिवशी फोन माझ्याच हातात वाजला. शेठ होते. मी शाळेत घोटलेल्या इंग्रजीत त्यांना सांगितलं, की तिचा रक्तदाब मोजणं चालू आहे, कृपया सव्वासातला फोन करावा. काय बोलून बसले ते मला नंतर उमगलं. मावशीने बीपीच्या यंत्राचा पट्टा बांधलेल्या हातानेच कपाळ बडवलं.

पलीकडून शेठ गुजरातीत म्हणाले, "बा, केटलुं आव्युं?" किती आलं, ते विचारत होते.

"तुम्ही फोन ठेवलात की येईल."

ते खो खो हसले. "मारुं तो एकसो सित्तेर छे, बा! तोय रोज गादी पर बेसुं छुं." म्हणजे एकशे सत्तर असूनही ते रोज गादीवर बसत होते.

"मग हिलाही बसू द्या तिच्या टेबलावर," मी संधी साधली.

"बेसशे, बेसशे," बसेल की, म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आकडेही फारसे उतरले नाहीत. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. टेबल मात्र तिच्याकडेच राहिलं. मग एके सकाळी तिने गोळ्यांची पट्टी त्यावर उघडीच ठेवली. दुपारपर्यंत साड्यांच्या घड्या घालणाऱ्या दोघीजणी हळूच येऊन विचारून गेल्या, "बेन, डॉक्टर कोणता?"