बैलाचं तोंड, पोराचं तोंड

रिसोडच्या बैलबाजारात मला ओळखतात ते एकाच कामासाठी. बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने ओढायचा, दात पाहायचे आणि वय सांगायचं. दोन दाती, चार दाती, सहा दाती. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा म्हणून खपवणारे व्यापारी मला पाहिलं की बैलाचं तोंड दुसरीकडे फिरवतात. केनवडपासून मालेगावपर्यंतचे लोक सोबत नेतात. "तुमी एकडाव तोंड पाहून द्या, मंग सौदा," म्हणतात. असा मी शहाणा. आणि माझ्याच पोराच्या तोंडात तीन वर्षं काय चाललं होतं, ते मला दिसलं नाही. आग लागो या अंगठ्याला!

माझं स्वतःचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. पंचवीस वर्षं खर्रा खाल्ला. सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून केलेल्या त्या घाणीनं गालफडं आतून आवळून टाकली. भाकरीचा घास चिमणीला द्यावा तेवढा करावा लागतो. म्हणून पोरगा कॉलेजात गेला तेव्हाच मी नियम केला. संध्याकाळी वाशिमहून बसनं आला की दारातच "हा" करायचं, मी वास घेणार. वास यायचा पुदिन्याचा, कधी आंब्याचा. "गोळी खाल्ली, बाबा," तो म्हणायचा. मी खूश! पारावर छाती फुगवून सांगायचो, "गावातल्या पोट्ट्याइचे तोंडं पाहा, अन् आमच्यावाल्याचं पाहा." लोकही माना डोलवायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यानं समोरच्या दातांनी तोडायचं सोडलं. पेरू असो की ऊस, चिरून मागायचा. चारा तोडताना तोंड वाकडं करणारा बैल मला फुकट दिला तरी मी दावणीला बांधणार नाही. पोराला मात्र म्हणालो, "लाडावला." बायको सांगून थकली, "अवो, त्याच्या तोंडात पाहा एकडाव."

"कायले? मी रोज वास घेतो ना!"

रक्त कधी दिसलं नाही, दुखतंय म्हणून तो कधी ओरडला नाही. शेवटी खालचा एक दात जिभेनं हलायला लागला, तेव्हा त्याला वाशिमला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "काही ओढतोस का?"

पोराच्या आधी मीच बोललो, "नाही मॅडम. मी रोज तोंडाचा वास घेतो."

"कसला येतो?"

"पुदिन्याचा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "काढ," म्हणाल्या. त्यानं खिशातून बोटाएवढी रंगीत कांडी काढली. मला वाटलं, मोबाईलचं काही असेल. वेप म्हणतात म्हणे त्याला. आत निकोटीनचं गोड वासाचं पाणी, ओढलं की वाफ निघते.

बाईंनी त्याचा ओठ खाली ओढून मला दाखवलं. हिरडी दातापासून सुटली होती. "सूज आत आहे, खालचं हाड झिजलंय," त्या म्हणाल्या. "सगळं या वाफेनंच झालं असं मी म्हणणार नाही, मुळातच हिरड्या कमजोर असतील. पण वाफेनं तोंड कोरडं पडतं, जंतूंना रान मोकळं मिळतं. आणि निकोटीन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून रक्त फारसं येत नाही आणि आजार कळत नाही."

म्हणजे हे कानशीनं घासलेले दातच की! बाजारात दहा पावलांवरून ओळखतो मी ते. घरात रोज नाक लावून फसलो.

दवाखान्याच्या पायरीवरच मी त्याच्यावर हात उगारला. तो मागं सरला नाही. "तुमीच म्हनले होते, खर्रा खाऊ नोको. खाल्ला काय म्या खर्रा? दुकानवाला म्हने, हे तंबाखू नाई, नुसती वाफ हाये." उगारलेल्या हातानंच मी त्याचं मनगट धरलं.

मग गेलो त्या दुकानात. वर मोबाईलची कव्हरं, चार्जर, आणि काउंटरखाली हे. विकायला बंदी आहे, पण बंदीला विचारतो कोण! दुकानदार हसून म्हणाला, "काका, तुमच्या खर्र्यापेक्षा बरं." माझं टाळकंच सरकलं. तोंडात दोन बोटं घालून दाखवली त्याला. "हे खर्र्यानं झालं. आता चाल, माह्या पोराचं बी तोंड पाहून घे. लाज हाये का रे तुले?" माणसं जमली. त्यानं शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडं होतं.

पोरानं कांडी सोडली. महिनाभर घरात सगळ्यांवर खेकसत होता, पण सोडली. बाईंनी हिरड्या खोलवर साफ केल्या. बाकीचे दात वाचतील म्हणाल्या. तो एक काही वाचला नाही.

काढलेला दात त्यानं कापसात गुंडाळून घरी आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कीड नाही, चीर नाही, मूळ लांबलचक. दाताला काही झालंच नव्हतं, त्याला धरून ठेवणारं संपलं होतं.

"सांगा बाबा," पोरगा म्हणाला, "वय किती?"

तीस वर्षांत हे सांगायला मला कधी दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही. "वीस!" मी ओरडलो. "वीस वर्षं, लेका!" आणि तो दात मुठीत मिटून धरला.