मागच्या स्पीकरमधली बांगडी

मुलानं होम थिएटरचा रिसीव्हर आणला. "बाबा, जुना टेपही जोडलाय. आवाज कसा वाटतो सांगा."

मला त्यातलं काय कळतंय? तुझ्याच बारशाची कॅसेट लाव म्हटलं. ह्याची आई जाऊन वर्ष झालं.

मागच्या स्पीकरमधून बांगड्या वाजल्या आणि मी वळून स्वयंपाकघराकडं बघितलं. कॅसेटमध्ये ही उखाणा घेत होती. जन्मभर माझं नाव तिनं उखाण्यातच घेतलं. आता नाव येणार, तेवढ्यात मीच खेकसलो, "आटप की, पंगत खोळंबलीय!" बायका हसल्या, नाव राहिलं. नुसत्या टेपवर ऐकताना ह्या जागी खरखरच असायची.

अर्धं राहिलेलं बोलणं माणसाबरोबर जळत नाही.

"कसंय मशीन?" मुलानं विचारलं.

"चांगलंय. ह्यातनं माझा आवाज तेवढा काढून टाकता येतो का बघ."